सहा विषयांची तोंडओळख करून देणारा संच : भाषा उत्तम, विपणन वाचनीय, साहित्य अपुरे

कोल्हापुरातील एका अभ्यासकेंद्राने कला शाखेच्या पहिल्या वर्षासाठी काढलेला सहा परिचय-पुस्तिकांचा संच आणि त्याला जोडून दर रविवारी सकाळी राजारामपुरीत भरणारा चर्चावर्ग, या दोहोंविषयी हा अभिप्राय आहे. इतिहास, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, साहित्य, भाषा आणि विपणन (मार्केटिंग) असे सहा विषय संचात आहेत. कला शाखेच्या संचात विपणन कशासाठी, असा प्रश्न काहींना पडेल. परंतु नव्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यार्थ्याला आपल्या शाखेबाहेरचाही एखादा विषय घ्यावा लागतो, आणि मराठी किंवा इतिहास मुख्य विषय असलेली बरीच मुले-मुली विपणनाकडे वळतात. मी गुळाच्या अडत दुकानात हिशेबाचे काम करतो आणि नोकरी सांभाळून दूरशिक्षणातून बी. ए. करतो आहे. संच मी विकत घेतला आहे आणि वर्गाची फीसुद्धा भरली आहे. याखेरीज केंद्राशी माझा कोणताही संबंध नाही.

परिचयाच्या पुस्तकाकडून माझी अपेक्षा एवढीच असते की, त्या विषयातील अभ्यासक ज्या प्रश्नाने कामाला लागतात तो प्रश्न त्याने विद्यार्थ्याच्या हाती द्यावा आणि तो जवळच्या सामग्रीवर सोडवून पाहायला लावावा. व्याख्या त्यानंतर आली तरी चालते, किंबहुना नंतर आली तरच ती कळते. या एका कसोटीवर सहाही पुस्तिका मी वाचल्या आहेत.

संचातील सर्वांत चांगली पुस्तिका भाषेची. तिच्या पहिल्या पानावर भाषेची व्याख्याच नाही. विद्यार्थ्याने घरात, बसथांब्यावर आणि महाविद्यालयात कानावर पडलेली वाक्ये जशीच्या तशी वहीत उतरवून आणावीत, त्यांतले एकही ‘सुधारू’ नये, असे पहिले काम तिथे दिले आहे. वाक्ये जमल्यावर मग भाषा जशी बोलली जाते तशी टिपणारे वर्णनात्मक आणि ती कशी बोलावी हे सांगणारे आदेशात्मक व्याकरण यांतील फरक येतो, प्रमाणभाषा आणि बोली यांचा संबंध येतो, आणि त्यानंतर आधुनिक भाषाविज्ञानाचा पाया घालणारा स्विस अभ्यासक सोस्यूर येतो. सोस्यूर १९१३ मध्ये वारला आणि त्याच्या नावावरचा प्रसिद्ध ग्रंथ १९१६ मध्ये त्याच्या विद्यार्थ्यांच्या टिपणांवरून सिद्ध झाला, ही माहिती बहुतेक मार्गदर्शकांत एका ओळीत उरकलेली असते. येथे तिच्यापाठोपाठ लगेच विचारले आहे की, भाषेची व्यवस्था सर्वांची मिळून एक असते आणि बोलणे मात्र ज्याचे त्याचे वेगळे, तर तुमच्या वहीतील कोणती वाक्ये व्यवस्थेबद्दल काही सांगतात आणि कोणती केवळ त्या बोलणाऱ्याबद्दल. परीक्षेत हमखास येणारा मुद्दा अशा रीतीने विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वहीतून उभा राहतो.

ध्वनींचे प्रकरणही असेच रचले आहे. ‘पाट’ आणि ‘पाठ’ ही जोडी सर्वत्र असते, ती येथेही आहे. पण तिच्या पुढे ‘जग’ हा शब्द दोनदा छापला आहे, एकदा विश्व या अर्थाने आणि एकदा ‘जगणे’ या क्रियापदाच्या आज्ञार्थी रूपाने, आणि दोन्ही मोठ्याने म्हणून पाहा, असे सांगितले आहे. लिपीत फरक नाही, तोंडात आहे. तालव्य ‘ज’ (विश्व या अर्थाच्या ‘जग’मधला) आणि दंततालव्य ‘ज’ (‘जगणे’मधला) हे मराठीत अर्थ बदलू शकतात आणि देवनागरी तो भेद दाखवत नाही, हे कळल्यावर लिपीतला वर्ण आणि अर्थ बदलणारा ध्वनी म्हणजे स्वनिम यांतला फरक वेगळा पाठ करावा लागत नाही. रूपविचारात सामान्यरूपाला पुरेशी जागा दिली आहे, हेही योग्यच झाले, कारण मराठी नामाला प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे रूप बदलते ही गोष्ट आपल्या अंगवळणी इतकी पडलेली असते की ती नियम म्हणून जाणवतच नाही. ‘गूळ’ दीर्घ आणि ‘गुळाला’ ऱ्हस्व, ‘चूल’ दीर्घ आणि ‘चुलीवर’ ऱ्हस्व, हे मी वर्षानुवर्षे पावत्यांवर लिहीत आलो आहे. त्यामागचा नियम मला या पुस्तिकेत नीट मांडलेला दिसला.

या प्रकरणावरचा रविवारचा वर्ग विशेष चांगला झाला. गडहिंग्लजकडची एक विद्यार्थिनी उशिरा आली आणि दारातून “सर, आत येतो,” म्हणाली. कोल्हापूर भागात मुली आणि बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी येतो’, ‘मी जातो’ असेच म्हणतात, आणि पुण्या-मुंबईकडे त्याला हसतात, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. सरांनी तिला बसायला सांगितले आणि फळ्यावर चार ओळी लिहिल्या: मुलगा म्हणतो ‘मी येतो’, मुलगी म्हणते ‘मी येतो’, त्याच्याबद्दल ‘तो येतो’, तिच्याबद्दल ‘ती येती’. मग विचारले, या बोलीत लिंगभेद कोठे पुसला गेला आहे आणि कोठे टिकला आहे? प्रथमपुरुषात नाही, तृतीयपुरुषात आहे. म्हणजे बोलणारीचे काही चुकलेले नाही. या बोलीला तिचा स्वतःचा नियम आहे, तो प्रमाणभाषेच्या नियमाहून वेगळा आहे आणि तितक्याच काटेकोरपणे पाळला जातो. ती मुलगी त्यानंतर वर्गात पुष्कळ बोलू लागली. शाळेत आपल्या बोलण्याला अशुद्ध म्हटले जाते हे ज्यांनी सोसले आहे, त्यांच्यासाठी हे एक प्रकरणसुद्धा पुस्तिकेचे पैसे वसूल करून देईल, असे मी मनापासून सांगतो.

उणीव एकच. भाषासंपर्काचे प्रकरण फार त्रोटक आहे. कर्नाटकाची सीमा इतक्या जवळ असलेल्या जिल्ह्यात अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे कानडीशी नाते सांगणारे शब्द एका ओळीत उरकावेत, हे पटत नाही. अरबी-फारसी शब्दांसाठी राजदरबाराची उदाहरणे दिली आहेत; त्याऐवजी पेठेतील कोणत्याही दुकानाची एक खतावणी उघडली असती तर जमा, बाकी, वसूल, हमाली असे शब्द एकाच पानावर मिळाले असते.

इतिहासाची पुस्तिका अर्धी उत्तम आणि अर्धी सामान्य आहे. उत्तम भाग साधनांचा. प्राथमिक साधन म्हणजे काय, हे सांगण्यासाठी राजर्षी शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा, करवीर सरकारच्या गॅझेटात प्रसिद्ध झालेला आदेश घेतला आहे. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात, एवढे तर शाळेतल्या मुलालाही माहीत असते. पुस्तिका मात्र आदेश ओळीने वाचायला लावते. मागासलेले म्हणजे कोण, हे आदेशात कसे सांगितले आहे? ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकी सर्व, अशी ती व्याख्या वगळण्याच्या पद्धतीने केली आहे. आदेश पाळला जातो की नाही हे कळावे म्हणून काय तजवीज होती? खातेप्रमुखांनी नेमणुकांचे तिमाही तक्ते सादर करावेत, असे त्यातच लिहिले आहे. त्या वेळी महाराज इंग्लंडमध्ये होते, हे सांगून पुस्तिका पुढचा प्रश्न टाकते की, राजा दूर असताना आदेशाची अंमलबजावणी कोणाच्या हाती होती आणि त्यांच्याकडून विरोधाची शक्यता किती होती. एका दस्तऐवजाला किती प्रश्न विचारता येतात, हे मला येथे समजले. आपण ज्या गोष्टींचा अभिमानाने उल्लेख करतो, त्यांचे कागद प्रत्यक्ष वाचण्याची सवय या शहरातील विद्यार्थ्यांना लागायला हवी.

भौतिक साधनांच्या भागात ब्रह्मपुरीचा उल्लेख आहे. पंचगंगेकाठच्या त्या टेकाडावर १९४० च्या दशकात उत्खनन झाले, रोमन जगाशी संबंध दाखवणाऱ्या वस्तू सापडल्या, आणि तेथे मिळालेली पोसायडन या समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती आपल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. पुस्तिकेने येथे छायाचित्र छापले आहे, पण तेवढ्यावर थांबणे हा अर्धवटपणा आहे. मूर्ती चालत जाण्याच्या अंतरावर असताना ‘संग्रहालयात जाऊन मूर्तीचे वर्णन करा आणि ती येथे कोणत्या मार्गाने आली असेल याचा तर्क मांडा’ असा एक स्वाध्याय सहज देता आला असता. वर्गातही ही भेट झाली नाही. ती व्हायला हवी, अशी विनंती मी लेखी दिली आहे.

उरलेला अर्धा भाग म्हणजे घटनांची यादी, आणि त्यात एक गंभीर चूक आहे. बहिष्कृत वर्गाच्या माणगाव परिषदेचे साल १९२२ छापले आहे. कागल जहागिरीतील माणगावची ती परिषद २१ आणि २२ मार्च १९२० रोजी भरली होती, डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते आणि शाहू महाराज स्वतः उपस्थित राहून बोलले. महाराजांचे निधन ६ मे १९२२ रोजी झाले. परिषद १९२० ची आहे हे कळले, तरच त्याच वर्षी ३१ जानेवारीला सुरू झालेल्या डॉ. आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ या पाक्षिकाशी आणि त्याला महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या साहाय्याशी तिची संगती लागते. साल चुकले की ही सगळी साखळी तुटते. कोल्हापुरात छापलेल्या पुस्तिकेत ही चूक राहू नये.

तत्त्वज्ञान आणि समाजशास्त्र यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. निगमन आणि विगमन यांचे प्रकरण स्वच्छ आहे, उदाहरणे नेहमीची आहेत. समाजशास्त्रात प्रश्नावली कशी तयार करावी यावरची काही पाने उपयोगी पडतात. बाकी मजकूर इतर मार्गदर्शकांत मिळतो तसाच आहे.

साहित्याच्या पुस्तिकेने मात्र निराशा केली, आणि या विषयावर माझे प्रेम असल्यामुळे ती अधिक जाणवली. साहित्याची ओळख करून देणाऱ्या या पुस्तिकेत साहित्यच नाही. कवितेचा आशय आहे, कविता नाही. कथेचे कथानक आहे, कथेतला एक परिच्छेदही नाही. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक असते, हे सांगितले आहे, पण ज्यावर बोट ठेवून अक्षरे मोजावीत असा एकही अभंग दिलेला नाही. ज्या भागात वारकऱ्यांच्या दिंड्या निघतात, तेथे अभंग शोधायला कोठे लांब जावे लागणार होते? जात्यावरच्या ओवीचीही तीच गत. ‘साडेतीन चरणी रचना’ एवढ्यावर तिची बोळवण झाली आहे.

शब्दशक्तींचे प्रकरण पाहू. अभिधा (शब्दाचा सरळ अर्थ), लक्षणा (सरळ अर्थ जुळत नाही तेव्हा घ्यायचा त्याच्याशी संबंधित अर्थ), व्यंजना (सूचित अर्थ) यांच्या व्याख्या बरोबर आहेत. लक्षणेसाठी ‘गंगेवर गवळीवाडा’ (म्हणजे गंगेच्या काठावर) हे संस्कृत साहित्यशास्त्रातील जुने उदाहरण दिले आहे. ते चूक नाही; परंतु त्याच्या जोडीला आजच्या बोलण्यातील एकही वाक्य नाही. ‘सगळा गाव धावला’ म्हणताना घरे-दारे धावत नाहीत, हे कोणत्याही विद्यार्थ्याला लगेच उमगते. व्यंजनेची तर आमच्या पेठेत रोज उदाहरणे सापडतात. ‘सौदे उरकले’ हे एकच वाक्य अडत्या मोठ्याने म्हणतो. हमाल ते ऐकून गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उचलायला उठतो, शेतकरी पट्टीची, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची, वाट पाहत पुढे सरकतो, आणि मी पेन उघडतो. वाक्याचा वाच्यार्थ एक, सूचित अर्थ तीन, आणि तिघांनाही तो कोणी समजावून सांगावा लागत नाही. असे एखादे उदाहरण घेऊन मग सूचित अर्थाला काव्याचा प्राण मानणाऱ्या ध्वनिसिद्धान्ताकडे गेले असते, तर विद्यार्थी तेथपर्यंत आपल्या पायांनी पोहोचला असता. रसांचेही असेच. नाट्यशास्त्रकार भरताने आठ रस सांगितले, शांत हा नववा रस नंतरच्या परंपरेत आला आणि अभिनवगुप्ताने त्याचे समर्थन केले, ही माहिती आहे. पण शांत रसाला रस म्हणण्यात अडचण काय होती, हा खरा रोचक प्रश्न पुस्तिकेने विचारलेलाच नाही.

मराठी साहित्याच्या इतिहासाचा भाग सनावळीत संपतो. वि. स. खांडेकरांबद्दल १९७४ चा ज्ञानपीठ आणि त्यांची पुस्तके यांची यादी आहे. मराठीला तो सन्मान पहिल्यांदा मिळवून देणारा लेखक याच शहरात राहिला, आणि त्यांचे स्मृती संग्रहालय शिवाजी विद्यापीठाच्या आवारात आहे, हे ज्या विद्यार्थ्यांना सर्वांत आधी सांगायला हवे त्यांनाच येथे सांगितलेले नाही. ही पुस्तिका ज्याने लिहिली त्याने परीक्षेच्या उत्तरपत्रिका पुष्कळ तपासल्या असाव्यात, असे तिच्या रचनेवरून वाटते. प्रत्येक मुद्दा दहा गुणांच्या उत्तराच्या मापाने कापलेला आहे. विद्यार्थी उत्तीर्ण होईल, पण एखादी अनोळखी कविता समोर आल्यावर तिच्याशी काय करावे हे त्याला कळणार नाही.

विपणनाची पुस्तिका मी थोड्या साशंकतेने उघडली, कारण हा माझ्या रोजच्या व्यवहाराचा विषय आहे. पुस्तिका मोठ्या कंपन्यांच्या साबणापासून सुरू होत नाही, हे पाहून बरे वाटले. ती गुळाच्या रव्यापासून सुरू होते. विक्री म्हणजे तयार माल खपवणे आणि विपणन म्हणजे गिऱ्हाइकाची गरज ओळखून मालाचा विचार करणे, हा भेद थिओडोर लेव्हिट यांनी १९६० मध्ये मांडला. अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी आपला धंदा रेल्वेचा मानला, वाहतुकीचा मानला नाही, आणि म्हणून त्या मागे पडल्या, हे त्यांचे उदाहरण पुस्तिकेत आहे. त्याच पानावर तीस किलोच्या रव्याची गोष्ट येते. एकत्र कुटुंबे होती आणि वर्षाचा गूळ एकदम भरला जात होता, तोवर तो रवा चालला. शहरातल्या छोट्या घरांना तो नको झाला, तेव्हा एक किलोचे, अर्ध्या किलोचे डबे आणि पावडर आली. हे मी डोळ्यांसमोर घडताना पाहिले आहे, आणि पुस्तिकेने ते अचूक टिपले आहे.

यानंतर जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये मांडलेली वस्तू, किंमत, वितरण आणि प्रवर्धन ही चौकट येते. येथे माझा मतभेद आहे. चारही घटक विक्रेत्याच्या हातात असतात, असे गृहीत धरून प्रकरण लिहिले आहे. गुऱ्हाळ चालवणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात किंमत कोठे असते? ती सौद्यात ठरते, आणि सौद्यात बराचसा भाव रंगावर मिळतो. पिवळाधमक गूळ उचलला जातो, काळसर गूळ मागे राहतो, आणि याच मागणीपोटी काही ठिकाणी उसाचा रस उकळण्याच्या काहिलीत रंग उजळवणारी रसायने पडतात. खाणाऱ्याच्या आरोग्यासाठी काळसर गूळ बरा, असे एकीकडे सांगायचे आणि भाव मात्र रंगाला द्यायचा, या विसंगतीवर एक परिच्छेद आला असता, तर गिऱ्हाइकाची इच्छा आणि गिऱ्हाइकाचे हित यांतला फरक विद्यार्थ्याला उत्तम रीतीने कळला असता. विपणनाच्या नीतीवर स्वतंत्र प्रकरण आहे, पण ते सर्वस्वी जाहिरातींबद्दल आहे.

भौगोलिक मानांकनाचा भाग सुधारून घ्यायला हवा. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये आणि कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मानांकन मिळाले, हे बरोबर आहे. चपलेचे मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतील मिळून आठ जिल्ह्यांना आहे, हेही दिले आहे. परंतु मानांकनामुळे कारागिराला ‘आपोआप चांगला भाव मिळतो’ हे विधान दिशाभूल करणारे आहे. मानांकन नावाला आणि प्रदेशाला संरक्षण देते. कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते, आणि तेवढे करूनही भाव बाजारातच ठरतो. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरी चपलेशी उघड साधर्म्य असलेल्या सँडल दाखवल्या, तेव्हा हा मुद्दा सर्वांच्या ध्यानात आला. कंपनीने कोल्हापुरी हे नाव वापरले नव्हते, आणि भारतातील नोंदणीचा अंमल भारतापुरता असतो. टीका झाल्यावर कंपनीने भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. रविवारच्या वर्गात यावर जी चर्चा झाली, ती पुस्तिकेतील मजकुरापेक्षा कितीतरी सरस होती. वडील कापशी चप्पल बनवतात अशा एका विद्यार्थ्याने बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कातडे कमावण्यापासून वेणी घालण्यापर्यंतचे काम सांगितले, आणि चप्पल लाईनमधील दुकानात तीच चप्पल कोणत्या भावाने जाते हेही सांगितले. मधल्या टप्प्यांवर कोणाची किती भर पडते याचा तक्ता मग सर्वांनी मिळून फळ्यावर मांडला. तो तक्ता पुढील आवृत्तीत छापावा.

छपाईविषयी थोडे. कागद चांगला आहे, अक्षर ठळक आहे, बांधणी टिकाऊ आहे. मुद्रितशोधन मात्र कमी पडले आहे. ‘स्वनिम’ भाषेच्या पुस्तिकेत आणि ‘ध्वनिम’ साहित्याच्या पुस्तिकेत. ‘प्रवर्धन’ एका प्रकरणात आणि ‘विक्रयवृद्धी’ दुसऱ्यात. प्रश्नपत्रिकेत कोणता शब्द येईल या धास्तीत असलेल्या विद्यार्थ्याला याचा खरोखर त्रास होतो. संचाच्या शेवटी परिभाषेची एक सूची जोडली तर हा घोळ मिटेल.

पूर्ण संच साडेसातशे रुपयांना आहे आणि सुट्या पुस्तिकाही मिळतात. ज्यांना सगळे घेणे परवडत नाही त्यांनी भाषा, इतिहास आणि विपणन या तीन घ्याव्यात, आणि इतिहासात माणगावचे साल पेनाने दुरुस्त करून ठेवावे. साहित्यासाठी पुस्तिकेवर पैसे खर्च करण्याऐवजी करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयात जाऊन एखादा अभंगसंग्रह आणि एखादा कथासंग्रह प्रत्यक्ष वाचावा. वर्ग मात्र सर्वांनी करावा, विशेषतः बाहेरगावाहून येणाऱ्यांनी, कारण तेथे लिहून दिलेले स्वाध्याय तपासून, समासात शेरे लिहून परत मिळतात. बस पकडून येणाऱ्यांसाठी वर्गाची वेळ अर्ध्या तासाने पुढे नेता येईल का, हे केंद्राने अवश्य पाहावे.